आई मी होऊ?

मॉरीन पार्जिटर एका जागी स्वस्थ बसेल तर शपथ. केटरिंग गावच्या शाळेत मुलांना जेवण वाढण्यात तिची हयात गेली होती. त्यामुळे कोणी नुसतं बसलेलं दिसलं की तिला वाटे, ह्याच्या ताटात काहीतरी वाढायचं राहिलंय. शुक्रवारपासून तिनं आपल्या लेकीला, टेसाला, इंग्लंडातल्या नॉर्फोकचा सगळा किनारा पालथा घालायला लावला होता. एका गावात धक्क्यावर उभ्यानं चिप्स खाऊन होतात न होतात तोच, "चल, पुढचं गाव जास्त छान आहे म्हणे." पुढच्या गावात चर्चचा गोल मनोरा धड बघूनही झालेला नसायचा, की हिची पर्स खांद्याला.

खरी भानगड गावांची नव्हतीच. मंगळवारी टेसा कॅनडाला चालली होती, कायमची. 'जाऊ नकोस' हे दोन शब्द मॉरीन तोंडात घोळवत हिंडत होती, आणि दर गावात तिला वाटे, इथं नको, पुढच्या गावात बोलू.

असं करत करत रविवारी दुपारी दोघी सॉल्टर्स गॅपला पोचल्या. गाव कसलं, उरलंसुरलं गाव. बाकीचं समुद्रानं खाल्लेलं. मोठा रस्ता दुकानांमधून ऐटीत निघतो, कड्याशी येतो आणि हवेतच संपतो. गारगोट्यांच्या भिंती, खेकड्याच्या सँडविचची पाटी, भरल्या पोटी भांडणारे समुद्रपक्षी. आणि वारा असा, की बोललेलं वाक्य भलत्याच्याच कानात जाऊन पडावं.

"घे, हेही पाहून झालं," टेसा म्हणाली. "आई, अगं आता तरी टेकूया. पायांचे तुकडे पडले माझ्या. तुझं इंजिन तापत कसं नाही गं?"

"चहा घेऊ. मग पुढं—"

"मग पुढं काही नाही. चहा."

चहाचं दुकान चर्चच्या जुन्या रविवारच्या शाळेत होतं. भिंतीवर खालच्या अंगाला, पोरांचे हात पोचतील अशा उंचीवर, कोट अडकवायच्या खुंट्या अजून तशाच होत्या. एका खुंटीखाली जमीन ओली होती. दारात पाटी होती : 'कृपया आपापला चहा आपणच ओतून घ्यावा.'

"बघ आळस!" मॉरीन हसली. "आणि वर कृपया."

मालकीण थर्टलबाई, हाडापेरानं दणकट आणि बोलण्यात जपून. तिनं किटली आणली, स्कोन म्हणजे चहासोबतचे गोडसर पाव आणले, जॅम आणि घट्ट साय आणली. कप मात्र तीन मांडले.

"आम्ही दोघीच आहोत हो."

"असू दे की बाई," थर्टलबाई टेबलाकडे न बघता म्हणाली. "एखादा फुटतो-बिटतो."

ती गेल्यावर मॉरीननं स्कोन चिरला, साय फासली, पुन्हा सारखी केली.

"तिकडे थंडी फार असते म्हणे."

"आई."

"नाही, मी आपलं म्हटलं."

"शुक्रवारपासून तू नुसतं आपलं म्हणतेयस! काय असेल ते एकदा बोलून टाक ना."

मॉरीननं तोंड उघडलं. स्कोनचा तुकडा आत टाकला आणि मिटलं. टेसानं मान झटकली आणि खिडकीबाहेर बघत बसली.

हात रिकामे राहिले की मॉरीनला सुधरत नसे. तिनं किटली उचलली आणि सवयीनं विचारलं, "आई मी होऊ?"

चहा ओतणं हे आईचं काम, म्हणून ओतणाऱ्यानं असं विचारायचं, ही त्या देशातली वापरून वापरून गुळगुळीत झालेली थट्टा. पार्जिटरांच्या घरी तिला ठरलेलं उत्तर होतं. टेसा बोलायला लागली तेव्हापासून म्हणायची, 'तू नाही तर कोण?' भांडण असो, ताप असो, परीक्षा असो, हे उत्तर कधी चुकलं नव्हतं. आज ती रुसली होती. बोलली नाही.

"हो," कोणीतरी म्हणालं.

बारीक आवाज, सर्दीनं चोंदलेला. मॉरीनला वाटलं, शेजारच्या टेबलावरून आला. पण तिथं एक म्हातारं जोडपं होतं, आणि दोघांचेही जबडे घास चावता चावता थांबले होते. गल्ल्याशी थर्टलबाईच्या हातातून चमचा पडला.

मॉरीननं चहा ओतला. टेसाचा, आपला, आणि तिसराही. तिसरा का ओतला, ते तिला सांगता आलं नसतं.

टेसानं कप जवळ ओढला. "थँक्यू हं. तुम्ही साखर घेता?"

मॉरीन हसली. "साखर घेता म्हणे! कळला हो रुसवा, राणीसरकार."

टेसाही हसली, पण समोरच्याचा विनोद कळला नाही की माणूस हसतं, तशी. इंग्रजांना 'तू' आणि 'तुम्ही' दोन्हीला एकच शब्द पुरतो. आईच्या कानाला पुरत नाही.

मॉरीननं तिसऱ्या कपाकडे पाहिलं. तो अर्धा झाला होता. काठाला वाळूचे कण चिकटले होते.

"चल," ती उठली. "चल, गाडीत बसू."

टेसा पुढं गेली. दाराशी थर्टलबाईनं मॉरीनचं कोपर धरलं.

"पाटी वाचली नाहीत का हो?"

"थट्टा होती ती!"

"थट्टाच असते. पण हो म्हणणारं माणूस आपलं असावं लागतं." थर्टलबाईनं खिडकीतून टेसाच्या पाठीकडे पाहिलं. "तुमचं माणूस काही बोललं नाही."

"मग परत विचारते. द्या इकडे ती किटली!"

थर्टलबाईनं किटली दोन्ही हातांनी पोटाशी धरली आणि मान हलवली. "ओतला तो ओतला, बाई."

बाहेर ऊन होतं, वारा होता. गाड्या उभ्या करायची जागा कड्याच्या बाजूला, सगळी खडीची. टेसा झपझप पुढं चालली होती. मॉरीन तिच्या मागं निघाली, आणि तिच्या डाव्या करंगळीला काहीतरी गार, ओलं बिलगलं.

तिनं हात झटकला.

ते सुटलं नाही.

"टेसा! थांब!"

टेसा वळली. "अरे, नाव लक्षात राहिलं तुमच्या! चहाला एकाच टेबलावर होतो ना आपण."

"बास झालं हं टेसा. चुकलं माझं. बोलायला हवं होतं मी." मॉरीनला धाप लागली होती. "जाऊ नकोस. घे, बोलले. कॅनडाला जाऊ नकोस गं. मला करमायचं नाही. हेच ऐकायचं होतं ना तुला?"

टेसाच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी हललं, पाण्याखालचा मासा हलावा तसं. मग पाणी पुन्हा स्थिर झालं.

"किती गोड आहात हो तुम्ही," ती म्हणाली. "माझी आई असती, तर तीही हेच म्हणाली असती."

करंगळीवरची पकड घट्ट झाली.

"आई मी होऊ?" मॉरीन ओरडली. वाऱ्यानं शब्द उचलले. तिनं पुन्हा विचारलं, "टेसा, उत्तर दे! आई मी होऊ?"

टेसा गोंधळली. तिची नजर मॉरीनच्या चेहऱ्यावरून खाली आली, कोटाच्या बाहीवरून, हातावरून, आणखी थोडी खाली. तिथं ती थांबली आणि मऊ झाली.

"मला काय विचारता?" ती हसून म्हणाली. "तिला विचारा की."

ती गाडीत बसली. गाडी वळली. मॉरीनपाशी येऊन हळू झाली आणि खिडकीची काच खाली आली.

"राग नका मानू," टेसा म्हणाली, "पण तिच्या पायात काहीतरी घाला. खडी टोचत असेल."

गाडी चढ चढून गेली.

मॉरीननं खाली पाहिलं. कोणी नव्हतं. नाक ओढल्याचा आवाज तेवढा आला.

तिनं सवयीनं बाहीतला रुमाल काढला, आणि वाकली.