हातठसा

निफाडजवळच्या त्या द्राक्षगृहाच्या चाचणीकक्षात ऋजुता खैरनार सकाळपासून तीनदा खुर्चीवरून उठली होती आणि तीनदा उगाचच बसली होती. काचेपलीकडे चाळीस यंत्रहात घडांतले बारके, डागी मणी कात्रीनं छाटत होते. ते तिनंच घडवले होते आणि त्यांचा तिला अभिमानही होता. पण दारापाशी रेश्मा गांगुर्डे उभी होती, आणि तिच्या नावापुढं आजही लाल दिवा लागला होता.

लाल म्हणजे काम नाही, हजेरी नाही, घरी जा. तासावरच्या बायकांना रोज आल्याआल्या एक घड छाटून दाखवावा लागे, मग दिवा लागे. हंगामात नव्वद हजेऱ्या भरल्या तरच पुढच्या वर्षीचं कार्ड मिळे. रेश्माच्या सुरुवातीला ओळीनं बावन्न भरल्या. त्यानंतर मात्र ती एक्केचाळीस वेळा परत गेली, आणि हंगामाचा शेवट तर आठवड्यावर येऊन ठेपलेला.

“ताई, माझं काय चुकतंय ते तरी सांगा ना,” रेश्मा म्हणाली. “घरी रोज दोन-दोन तास कात्री चालवते. हात पहिल्यापेक्षा किती साफ झालाय! तरी लालच?”

ऋजुतानं तिला थांबायला सांगितलं आणि नोंदी उघडल्या. हात जसजसा सुधारत गेला, तसतसा लाल दिवा लवकर लागत गेला होता. ती तडक द्राक्षगृहाचे प्रमुख डॉ. हेमंत बोरस्ते यांच्याकडं गेली. यंत्रहातांच्या विद्येत तेच तिचे गुरू.

“सर, साफ हाताच्या बाईला आपण परत पाठवतो?”

“मग काय करणार? तुझंच तर संशोधन!” बोरस्ते म्हणाले. “द्राक्षाची साल ऊन-दवानं रोज बदलते, म्हणून यंत्राला रोज माणसाचा ताजा हातठसा लागतो, म्हणजे हात कसा चालतो त्याची छाप. साफ हाताचा ठसा चार मिनिटांत पुरा उमटतो आणि यंत्रहात पुढं तिच्यासारखेच चालतात. अडखळणारीचा पुरा व्हायला दिवस जातो, म्हणून तिला ठेवावं लागतं.”

“आणि ती चार मिनिटं?”

“चाचणी. चाचणीला काम म्हणत नाहीत.”

ऋजुताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती बाई सराव करकरून स्वतःलाच घरी धाडत होती, आणि हे सगळं आपण कौतुकानं रचलं होतं! तिला स्वतःची लाज वाटली.

ती हजेरीयंत्रापुढं बसली. कायद्यातून जशीच्या तशी उचललेली ‘हजर’ या शब्दाची व्याख्या त्यात होती: जिचा हात कामावर चालू आहे, ती. कोणत्या यंत्रहातात कुणाचा ठसा आहे, याची नोंदही होतीच. फक्त या दोन गोष्टींची गाठ कुणी घातली नव्हती.

“काय बदलतेस?” बोरस्ते मागून धावत आले.

“काही नाही. आपलंच लिहिलेलं यंत्राला वाचायला लावतेय.”

क्षणात रेश्माच्या हजेऱ्या त्र्याण्णव झाल्या. बोरस्ते तोंड उघडणार, तोच दहा यंत्रहात थबकले. पडद्यावर अक्षरं आली: ‘रेश्मा गांगुर्डे. कालचे काम दोनशे वीस तास. मर्यादा नऊ. हात थांबवले. सक्तीची विश्रांती, हंगामअखेरपर्यंत.’ पाठोपाठ उरलेले तीसही थांबले. तेही घरी पाठवलेल्या बायकांच्याच ठशांवर चालले होते.

“बायकांना आत घ्या! हातानं छाटू!” बोरस्ते ओरडले. पण हजेरीयंत्र दार उघडेना. त्याच्या हिशेबी साफ हाताची प्रत्येक बाई मर्यादेच्या कितीतरी पलीकडं राबली होती.

ऋजुता बाहेर आली आणि तिनं सगळं सांगितलं.

“म्हणजे आजही परतच जायचं?” रेश्मानं विचारलं.

“हो. पण हजेरी लागून. कार्ड मिळेल तुम्हाला.”

रेश्मा हसली नाही. काचेला कपाळ टेकून ती त्या थांबलेल्या हातांकडं बघत राहिली.

“एक्केचाळीस दिवस मी इथं राबत होते,” ती म्हणाली, “आणि घरी सगळ्यांना सांगत होते, माझ्या हातात आता काही राहिलं नाही.”