गर्दी ओसरली की जाऊ

आधीच सांगून टाकते. ज्यांना अशा गोष्टी म्हणजे थापा वाटतात, त्यांनी इथूनच मागे फिरावं. मला वाद घालायचा नाही. हे माझ्या मामेबहिणीच्या, नम्रताच्या घरी घडलंय. आणि अजून पुरतं संपलेलं नाही.

गाव किन्हवली, तालुका शहापूर. गेल्या वर्षीचा पितृपक्ष. बुधवारची पहाट ते गुरुवारची संध्याकाळ.

आणि हो, काळोखी रात्र, घुबडं वगैरे काही नाही बरं का. जे झालं ते लख्ख उजेडात झालं. मला त्याचीच जास्त भीती वाटते.

नम्रता शहापूरला ऑनलाइन फॉर्म भरायच्या दुकानात कामाला आहे. लोकांचे दाखले, तिकिटं, बुकिंग, सगळं चुटकीसरशी करून देते. पण स्वतःच्या सासूला दोन दिवस कोल्हापूरला न्यायचं म्हटलं की दर वेळी माशी शिंकायची.

सासू म्हणजे सकुबाई. सत्तरी ओलांडलेली, गुडघ्यांनी जेरीस आलेली. तिचं आयुष्यात एकच मागणं. अंबाबाईचं दर्शन, आणि रंकाळ्याच्या काठावर घटकाभर बसायचं. सासऱ्यांनी, म्हणजे महिपतआबांनी, लग्नानंतर कबूल केलं होतं, "तुला जोडीनं नेतो." मग चाळीस वर्षं एकच पालुपद.

"आता लय गर्दी असंल गो. गर्दी ओसरली की जाऊ."

गर्दी काही ओसरली नाही. तीन वर्षांपूर्वी आबाच गेले.

मग नम्रतानं मनावर घेतलं. म्हातारीला तासभरसुद्धा रांगेत उभं राहवत नाही, म्हणजे गर्दी टाळूनच जायला हवं. दिवाळीत बघितलं, हॉटेलं फुल्ल. नाताळात बघितलं, भाडं ऐकूनच तिनं फोन ठेवला. मे महिन्यात तर रांग पार रस्त्यावर. जूनमध्ये जमवलं, तर मुरबाडच्या कारखान्यात अनिलची, तिच्या नवऱ्याची, रजा नामंजूर. मंगळवार-शुक्रवार नको, ते देवीचे वार. शनिवार-रविवार तर नकोच नको. भिंतीवरच्या कॅलेंडरवर नुसत्या लाल फुल्या!

"मी ठरवलं की त्याच दिवशी अख्ख्या महाराष्ट्राला कोल्हापूर कसं आठवतं रे?" ती अनिलवर डाफरायची.

"मग माझ्यावर कशाला ओरडतेस? मी काय गर्दी बोलावली?"

सकुबाई एकदाच बोलली. "नम्रे, राहू दे गो. माझ्या नशिबातच नाय."

झालं. त्या एका वाक्यानं नम्रता पेटली. न्यायचं म्हणजे न्यायचंच.

आणि एक दिवस तिला तारीख सापडली. पितृपक्ष! त्या पंधरवड्यात कोण हौसेनं फिरायला निघतं? पाठोपाठ नवरात्र, म्हणजे सगळे तेव्हाच जाणार. हॉटेल रिकामं, रस्ता रिकामा, अनिलला रजा. बुधवारी जायचं, गुरुवारी सकाळी दर्शन घेऊन परत.

घोडं एकाच ठिकाणी अडलं. तो गुरुवार म्हणजे द्वादशी. आबांची तिथी. दर वर्षी त्या दिवशी पानावर वडे, खीर, अळूची भाजी वाढायची आणि कौलांवर कावळ्याला घास ठेवायचा.

शेजारच्या वत्सलाकाकीनं लगेच टोकलं. "तिथीला घर बंद करून चालली? म्हातारा दारात येऊन उभा राहंल गो."

"अमावास्येला वाढू की काकी. सर्वपित्रीला सगळ्यांचं चालतं."

"चालतं. मी कुठं नाय म्हनते? पन एक ध्यानात ठेव. ह्या पंधरा दिसांत गेलेल्या मानसाला बस म्हनायचं, जेव म्हनायचं. चल म्हनायचं नाय."

नम्रतानं एका कानानं ऐकलं आणि दुसऱ्या कानानं सोडून दिलं.

बुधवारी पहाटे पाच वाजता निघायचं होतं. सहा वाजले. लेकीची, वैष्णवीची, चप्पल सापडेना. अनिल बाहेर हॉर्न वाजवतोय. आणि सकुबाई आबांच्या फोटोपुढे उभी. हलायचं नाव नाही.

"आई, चला ना!"

"ह्यांना काय सांगू? तिथीला उपाशी ठेवून चालले म्हनून सांगू?"

वर्षभराचा वैताग नम्रताच्या डोक्यात चढला. ती गर्रकन फोटोकडे वळली.

"आबा, चाळीस वर्षं गर्दी गर्दी करत बसलात ना? घ्या, आता नाय गर्दी. चला तुम्हीपण!"

सकुबाईनं तोंडावर हात धरला.

नम्रताला बोलता बोलताच चूक कळली. पण शब्द सुटला होता.

घरात काहीच झालं नाही. फोटो हलला नाही, दिवा विझला नाही.

फक्त... ओट्यावरचं म्हातारं कुत्रं उठलं. शेपूट हलवत, कुंईकुंई करत गाडीच्या मागच्या दारापर्यंत गेलं.

ते कुत्रं आबांशिवाय कुणापुढे शेपूट हलवत नसे.

गाडीत माणसं चार. पुढे अनिल आणि नम्रता. मागे एका खिडकीशी सकुबाई, दुसऱ्या खिडकीशी वैष्णवी, मध्ये बॅग.

सरळगाव यायच्या आतच वैष्णवीची कुरकुर सुरू. "आई, आजी सारखी बॅग माझ्या मांडीवर ठेवते."

"मधी जागा राहू दे, बाय," सकुबाई म्हणाली. बस्स, एवढंच.

मुरबाडला चहाला थांबले. अनिलनं चार चहा सांगितले. टपरीवाल्यानं पाच ग्लास आणून ठेवले.

"चार सांगितले होते, दादा."

"पाच जन हायत ना तुमी?" तो गाडीकडे बघत म्हणाला आणि कामाला लागला.

अनिल चिडला. पण उठताना नम्रतानं पाहिलं... पाचवा ग्लासही रिकामा होता.

"तू प्यायलास?"

"मी कशाला पिऊ? मला एकच जात नाय धड."

दोघंही मग पुण्यापर्यंत एकमेकांवर करवादत राहिले. भीती वाटली की माणूस भांडतो, हे नम्रतानं मला नंतर सांगितलं.

कोल्हापूरच्या हॉटेलात दुपारी तीनला पोचले. मॅनेजरनं कागद घेतले, वर बघितलं.

"आजोबांचं आधार?"

"कुठले आजोबा?" नम्रताचा आवाज चढला. "बुकिंगवर स्पष्ट लिहिलंय, चार जण!"

"तसं नाही मॅडम, गाडीत बसलेत ते... पांढऱ्या टोपीतले..."

तो दाराशी गेला. वाकून बघितलं. परत येऊन गुपचूप चाव्या दिल्या. पुन्हा त्यांच्याकडे मान वर करून बघितलं नाही.

आबा पांढरी टोपी घालायचे.

नम्रतानं वळून गाडीकडे बघायचं टाळलं. पण अनिलला काय सांगायचं? वर्षभर घासाघीस करून जमवलेली ही सहल. सगळं सगळं तिच्या मनासारखं जुळलं होतं. रस्ता मोकळा, हॉटेल मोकळं. आणि तिला मात्र रडूच यायचं बाकी होतं.

संध्याकाळी रंकाळ्यावर सकुबाई कठड्यावर बसली. सगळ्यांपासून थोडी लांब. ओठ हलत होते. मध्येच हसली. लाजल्यासारखी.

नम्रतानं त्या घरात लग्न होऊन आल्यापासून सासूला तशी हसताना पाहिलं नव्हतं.

गुरुवार. द्वादशी. सकाळी मंदिरात नम्रताच्या हिशोबाप्रमाणे खरोखर गर्दी नव्हती. दहा मिनिटांत त्या आत पोचल्या. रांगेतून सकुबाई चालली होती ती एका कडेनं. उजव्या हाताला माणूसभर जागा सोडून.

तिथं उभ्या असलेल्या एका बाईनं मागच्यांना हातानं थांबवलं. सकुबाईकडे बघून म्हणाली, "या मावशी. जोडीनं या पुढं."

सकुबाईच्या कपाळाला कुंकू नव्हतं. गळ्यात मंगळसूत्र नव्हतं. तरी ती बाई म्हणाली... जोडीनं या.

सकुबाई पुढे गेली. हात जोडले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

नम्रता म्हणते, "मला तेव्हा राग आला नाय, भीतीपण वाटली नाय. वाटलं, झालं एकदाचं. आबांनी शब्द पाळला. आता जातील ते आपल्या वाटेनं."

तसंच वाटावं असं परतीच्या वाटेवर घडलंही. कराडच्या पुढे एका ढाब्यावर जेवायला थांबले. अनिलनं थाळ्या सांगितल्या. आकडा न सांगता, मुद्दाम. नम्रता स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत बसली.

वाढप्यानं थाळ्या आणल्या. एक, दोन, तीन...

चार.

फक्त चार! नम्रतानं हुश्श केलं. जवळपास हसलीच ती.

मग तिचं टेबलाकडे लक्ष गेलं.

एक थाळी अनिलपुढे. एक वैष्णवीपुढे. एक तिच्यापुढे. आणि चौथी... सकुबाईच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीपुढे.

सकुबाईपुढे काहीच नव्हतं.

"ओ भाऊ!" नम्रता किंचाळलीच. "ह्यांना थाळी कोण देणार?"

वाढपी थबकला. सकुबाईच्या खुर्चीकडे बघितलं. नम्रताकडे बघितलं. "कुणाला, ताई?"

"असू दे गो," सकुबाई शांतपणे म्हणाली. "ह्यांना जेवू दे. कालपासून उपाशी हायत."

घरी येईपर्यंत अनिलनं गाडी कुठंच थांबवली नाही.

अमावास्येला नम्रतानं सगळं साग्रसंगीत केलं. वडे, खीर, अळूची भाजी, आबांना आवडायचं ते सुकट घातलेलं वांगंसुद्धा वेगळं. कौलांवर पान ठेवलं. हात जोडून चुकीची माफी मागितली. समोरच्या चिंचेवर ढीगभर कावळे बसले होते.

एकही खाली उतरला नाही.

बारा वाजले, दोन वाजले, उन्हं कलली. वत्सलाकाकीनं घास हलवून पाहिला, का का करून घसा सुकवला. शेवटी सकुबाई आतून म्हणाली, "ते कशाला येतील कावळ्यातून? ते काय बाहेर हायत?"

त्याला आता बरेच महिने झाले. सकुबाईची तब्येत ठणठणीत आहे. गुडघेसुद्धा दुखत नाहीत म्हणते. जेवते मात्र चिमणीएवढं.

पण परवा आरोग्यसेविका आली, संजीवनी नावाची, नवीन बदलून आलेली. सकुबाई ओट्यावर तिच्या समोरच तांदूळ निवडत बसली होती. संजीवनीनं वहीत लिहिलं आणि विचारलं, "तुम्ही तिघंच ना घरात?"

"चार!" नम्रता ओरडली. "ह्या काय इथं बसल्यात, दिसत नाय का?"

संजीवनीनं ओट्याकडे पाहिलं. अगदी रोखून. मग दचकली. "अगोबाई, आजी! माफ करा हां. खरंच लक्षात नाही आलं."

नम्रतानं हे मला फोनवर सांगितलं. आणि त्याच रात्री तिनं आणखी एक गोष्ट सांगितली. ती मी कुणाला सांगणार नव्हते.

यंदाच्या कॅलेंडरवर तिनं अजून एकही खूण केलेली नाही. फिरायला जायचं नावच काढत नाही ती. पण पितृपक्षाच्या पानावर कुणीतरी कुंकवाचं बोट टेकवलंय. बरोबर द्वादशीवर. सकुबाईला लिहिता-वाचता येत नाही, आकडेही कळत नाहीत.

"आई, हे कुणी केलं?"

"मीच केलं. ह्यांनी दाखवलं ना, कुठं लावायचं ते."

"कशाला पण?"

सकुबाई हसली. रंकाळ्यावर हसली होती, तशीच.

"त्या दिशी निघायचंय आमाला. त्या दिशी गर्दी नसते म्हनतात."

द्वादशीला अजून चार महिने आहेत. नम्रतानं ते पान फाडून चुलीत घातलंय, पण त्यानं तारीख थोडीच टळणार आहे?