दोनशे चौदा चाळण्या

निंबोऱ्याच्या सामग्री तळावर सकाळी दहाला चहा यायचा, आणि तो अजून माणूसच आणायचा. बाकीचं बहुतेक काम आपापलं होत होतं. सात नंबरच्या शेडमध्ये छतातून यांत्रिक हात खाली यायचे, फडताळातून माल उचलायचे, खोकं भरायचे, पट्टी आवळायचे, वर चिठ्ठी चिकटवायचे. मग बिनचालकाची गाडी येऊन ते खोकं धावपट्टीकडे घेऊन जायची. जयमाला भोईटे कपातल्या चहावर फुंकर घालत हा सगळा सोहळा रोज बघायची. एकतीस वर्षं ती इथे भांडारपाल होती. गेली चार वर्षं तिच्या हुद्द्यापुढे ‘निरीक्षक’ असं लागलं होतं. “म्हणजे बघत बसायची नोकरी,” असं बांधणी खात्यातले इस्माईलभाई म्हणायचे. त्यांचंही काम यंत्राने नेलं होतं आणि परत आलेली खोकी उघडण्यापुरतेच ते उरले होते, त्यामुळे त्यांना तसं म्हणायचा पूर्ण अधिकार होता.

हे सगळं हलवणाऱ्या यंत्रणेचं अधिकृत नाव लांबलचक होतं. तळावर तिला ‘कोठारी’ म्हणत, आणि लवकरच लोक ‘कोठारीसाहेब’ म्हणायला लागले. कुठल्या ठाण्याला काय, किती आणि केव्हा लागेल याचं अनुमान कोठारी करायचा. प्रत्येक वस्तूत मोहरीएवढा एक कण बसवलेला होता. ती वस्तू कुठे आहे आणि कितपत वापरली गेली, हे तो कण कळवत राहायचा. फक्त हिमरेषेच्या वर, सीमेवरच्या ठाण्यांत, हे कण मुके केलेले होते. त्यांची कुजबुज आपल्याला ऐकू येते तशी शत्रूलाही येणार, म्हणून. त्या ठाण्यांपुरतं कोठारीला जुन्या काळासारखं मागणीपत्रावरच विसंबून राहावं लागे.

त्या दिवशी, ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात, जयमाला सवयीने चिठ्ठ्या वाचत होती. त्या वाचायची आता कुणालाच गरज नव्हती. यंत्रं स्वतःची भाषा वाचतात. पण एकतीस वर्षांची खोड अशी जात नाही. एका खोक्यावर लिहिलं होतं: ‘ठाणे क्रमांक नऊ. श्वासपेटीच्या चाळण्या. मागणी दोनशे चौदा. पुरवठा एकशे त्रेचाळीस.’ खाली मागणी करणाऱ्याचं नाव होतं, कॅप्टन अभिराम गुरव.

तिला आधी हसूच आलं. दोनशे चौदा! असा आकडा कोण मागतं?

हे हसू समजायचं तर सैन्याच्या पोटापाण्याची थोडी जुनी गोष्ट सांगायला हवी. हा तळ उभा राहिला तो परक्यांच्या मोठ्या युद्धाच्या काळात. तेव्हा दारूगोळ्याचं खातं वेगळं, शिध्याचं वेगळं, गाड्यांचं वेगळं आणि दुरुस्तीचं वेगळं. बूट एका शेडमधून निघायचा आणि त्याची नाडी दुसऱ्या शेडमधून, दोन निराळ्या अधिकाऱ्यांच्या सह्यांनी. माल कायम कमी असायचा, म्हणून जो जे मागेल त्याचे दोन तृतीयांश द्यायचे, अशी रीत पडली. पुढची ठाणीही काही दुधखुळी नव्हती. ती दीडपट मागायला लागली. दोन्हीकडून खोटं आणि मधोमध नेमकं हवं तेवढं, असा हा व्यवहार तीन पिढ्या बिनबोभाट चालला. कुठल्याही नियमावलीत तो नव्हता. जुना अधिकारी नव्याला कारभार सोपवताना कानात सांगायचा, “दीडपट लिही रे बाबा.” आणि भांडारातली नवी मुलगी जुन्या भांडारपालाकडून लाल पेन्सिल कशी फिरवायची ते शिकायची. जयमाला तशीच शिकली होती. सगळी खाती मोडून एकच सामग्री कमांड झाली तेव्हा कोठारीला शिकवण्यासाठी जुनी मागणीपत्रं लागली. त्यातल्या हजारो कागदांवर जयमालाची लाल रेघ होती. जशी खाण तशी माती, कोठारी तेच शिकला.

म्हणून तिला हसू आलं. आणि मग ते ओठांवरच विरलं. फुगवून मागणारा माणूस तीनशे मागतो, साडेचारशे मागतो, सहाशे मागतो. खोटं सांगायचंच तर कुणी सुट्या आकड्यांचा ताप कशाला घेईल? दोनशे चौदा हा आकडा डोक्यातून काढलेला नव्हता. कुणीतरी बसून मोजला होता.

तिने भिंतीवरच्या, कोठारीशी बोलायच्या जाळीपाशी जाऊन कोठारीला विचारलं. तो नेहमीच्या मवाळ आवाजात म्हणाला, “ठाणे नऊची मागणी सरासरी दीडपट असते. गेली बावीस वर्षं. पुरवठा योग्य आहे.”

“आणि या वेळी खरी असली तर?”

“तशी शक्यता दोन टक्के आहे.”

वर किती माणसं आहेत, असं तिने विचारलं. ते आपल्याला माहीत नाही, आणि माहीत असता कामा नये, असं तो म्हणाला. तेही बरोबरच होतं. खाती मोडून कमांड एक झाली होती, पण गुपितं फुटू नयेत म्हणून कोठारीच्या डोक्यातले कप्पे मात्र वेगळेच ठेवले होते. चाळण्यांच्या कप्प्याला बुटांच्या कप्प्यातलं दिसत नव्हतं. वर्षानुवर्षं ज्या भिंती पाडायला लोक भांडले, त्या यंत्राच्या आत पुन्हा बांधून झाल्या होत्या.

जयमालाला मात्र पाय होते. ती चहाचा कप तसाच हातात घेऊन अकरा नंबरच्या शेडमध्ये गेली. बूट मापाप्रमाणे माणशी एक जोड मागवतात, त्यात कुणी फुगवत नाही. बारा नंबरचे जादा बूट घेऊन करायचं काय? ठाणे नऊचं खोकं दाराशीच होतं. वर मापांची यादी होती: सात नंबरचे नऊ, आठचे चौदा, नऊचे दहा, दहाचे तीन, बाराचा एक. सदतीस.

ती तिथेच एका पेटीवर बसली. एक चाळणी वीस दिवस टिकते. खिंड बंद राहते एकशे दहा दिवस. म्हणजे माणशी सहा. सदतीस सक दोनशे बावीस. दोनशे चौदाला आठ कमी. तिने मागणीपत्राची प्रत मागवली. कोपऱ्यात लिहिलं होतं, ‘शिल्लक आठ’.

या पोराला कानात सांगायला कुणी भेटलंच नव्हतं. त्याला जेवढं लागतं तेवढंच त्याने मागितलं होतं, एक कमी नाही, एक जास्त नाही. आणि तिने शिकवलेल्या यंत्राने त्यातले एकाहत्तर कापले होते.

चाळणी हे श्वासपेटीचं काळीज. साडेअठरा हजार फुटांवर हवा इतकी विरळ की धडधाकट माणूसही झोपेत गुदमरतो. पेटी ती हवा आत ओढते, चाळणीतले खडे त्यातला नायट्रोजन अडवून धरतात, आणि पुढे जातो तो निव्वळ प्राणवायू. खडे ओलावा धरून निकामी झाले की पेटी नुसती घरघरते. एकशे त्रेचाळीस आणि आठ, सदतीस माणसांत, म्हणजे एक्याऐंशी दिवस. नंतरचे चार आठवडे खिंड बंद, वाट बंद, आणि पेट्या नुसत्या घरघरणाऱ्या. त्या वेळी कोण कोण आजारी पडेल आणि त्यातलं कोण वाचेल, याचा हिशेब तिला करवेना.

विमान चारला सुटणार होतं. वर वादळ येत होतं, त्यामुळे खिंडीवरून माल टाकणारे ड्रोन दुसऱ्या दिवशी शेवटची खेप करणार होते. त्यानंतर थेट फेब्रुवारी.

तळाचे प्रमुख कर्नल रेगे हे शांत गृहस्थ. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पुरावा काय, असं विचारलं. तिने बूट सांगितले. रेग्यांनी चष्मा काढला.

“भोईटेबाई, तुम्ही आत्ता चहा पिता पिता एक लष्करी गुपित फोडलंत.”

“हो साहेब. मला शिक्षा करायची तर उद्या करा. आज विमान आहे.”

ते स्वतः तिच्याबरोबर अकरा नंबरला आले. यादी बघून त्यांनी बोटांवर हिशेब केला, एकदा नाही, दोनदा. अडचण फक्त परवानगीची नव्हती. शेडमध्ये जादा चाळण्या नव्हत्या. सगळ्या वाटून झाल्या होत्या, आणि नऊला द्यायच्या तर दुसऱ्या कुणाच्या तरी काढायला लागणार होत्या. कुणाच्या? चुकीच्या ठाण्याच्या काढल्या तर तिकडे कुणीतरी गुदमरणार. जयमालाने आयुष्यभर कागदावर रेघ मारली होती. रेघेपलीकडे कुणाचा तरी श्वास आहे, हे तिला इतकं लख्ख कधी दिसलं नव्हतं. तिला स्वतःची लाज वाटली, आणि भीतीही.

उत्तर इस्माईलभाईंकडे होतं. पायथ्याशी, सात हजार फुटांवर, गिर्यारोहण शिकवणारी एक शाळा आहे. ती दर वर्षी साडेचारशे मागते आणि तिला तीनशे मिळतात. “ताई, त्यांची निम्मी पाकिटं मीच उघडतो परत आल्यावर,” ते म्हणाले. “मोहोर जशीच्या तशी. तिकडे पेट्या फक्त पाहुण्यांना दाखवायला काढतात.”

शाळेतले कण पाकिटं न उघडल्याचं कळवत होते, पण ते परत आलेल्या मालाच्या कप्प्यात जायचं, आणि तो कप्पाही कोठारीच्या डोक्यात वेगळाच होता.

रेग्यांनी पडद्यावर बदल मांडला. कोठारीने कारण विचारलं आणि चार पर्याय पुढे ठेवले: शत्रूची हालचाल, हवामान, अपघात, वरिष्ठांचा आदेश. बुटांचं कारण लिहिता येणार नव्हतं, कारण ते गुपित कोठारीच्या या कप्प्यात जाता कामा नये. रेग्यांनी क्षणभर जयमालाकडे पाहिलं आणि ‘वरिष्ठांचा आदेश’ यावर बोट ठेवलं. “वयाने तुम्ही वरिष्ठ आहातच,” ते म्हणाले.

यांत्रिक हातांचा क्रम मोडायला दोन तास लागले असते. म्हणून शाळेचं खोकं इस्माईलभाईंनी सुरीने फोडलं, जयमालाने एकाहत्तर पाकिटं मोजून घेतली, आणि दोघांनी मिळून दुसरं खोकं बांधलं, वर तिच्या नावाची हाताने लिहिलेली चिठ्ठी लावून. चार वर्षांनी हातात दोरी आली, तर म्हातारबुवा गाठ मारताना गाणं गुणगुणायला लागले. विमान वीस मिनिटं थांबलं. वैमानिकाने कुरकुर केली, ती कुणी मनावर घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी निरोप आला: दोन्ही खोकी पोचली. संध्याकाळी खिंड बंद झाली.

त्यानंतरचे दिवस जयमालाने कसे काढले ते तिलाच माहीत. आपलं गणित चुकलं असेल तर? शाळेत त्याच वर्षी कुणाला खरंच गरज पडली तर? डिसेंबर गेला. शाळेकडून तक्रार तर सोडाच, चौकशीसुद्धा आली नाही. जानेवारीच्या मध्याला एक्याऐंशी दिवस भरले, त्या दिवशी ती कामात तीनदा चुकली आणि इस्माईलभाईंनी तिला मुकाट्याने दुसरा चहा आणून दिला.

फेब्रुवारीत खिंड उघडली. त्यानंतर चार दिवसांनी, भर दुपारी, शेडमधला फोन वाजला. पलीकडून एक घसा बसलेला, तरुण आवाज आला. जयमाला भोईटे कोण, असं त्याने विचारलं आणि नाव ऐकून सरळ मराठीतच बोलायला लागला.

“मॅडम, मी कॅप्टन गुरव, ठाणे नऊ. सदतीस वर गेलो होतो, सदतीस खाली आलो.”

तिचा जीव भांड्यात पडला. ती जवळच्या पेटीवर बसली आणि डोळ्यांतलं पाणी तिने पुसलंही नाही. इतक्या वर्षांत तिने पाठवलेल्या मालातून वाचलेल्या माणसाचा आवाज तिने कधी ऐकला नव्हता. इस्माईलभाई लांबून हातानेच विचारत होते, तर तिने सगळी बोटं वर करून दाखवली. त्यांना अर्थ कळला नाही, पण तेही हसायला लागले.

गुरव बोलत होता. जेमतेम पुरल्या होत्या, शेवटच्या दिवशी तीन उरल्या. खाली आल्यावर दुसऱ्या ठाण्यांचे अधिकारी भेटले आणि त्यांनी त्याला वेड्यात काढलं. दीडपट लिहायचं असतं हे तुला कुणी सांगितलं नाही का, म्हणून. त्याला ते ऐकून घाम फुटला होता. खोकी दोन का आली आणि दुसऱ्याची गाठ हाताने का मारलेली होती, हे त्याला तेव्हा कळलं.

मग तो मूळ मुद्द्यावर आला.

“मॅडम, पुढच्या महिन्यात उन्हाळ्याचं मागणीपत्र लिहायचं आहे. मी किती मागू? लागतं तेवढं, की तुम्ही कापल्यावर पुरेल तेवढं?”

जयमालाने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तिची नजर भिंतीवरच्या जाळीकडे गेली. तिथला हिरवा दिवा लागलेला होता. शेडमधलं प्रत्येक संभाषण कोठारी ऐकायचा आणि त्यातून शिकायचा. या मुलाला ती जे सांगेल तेच तोही शिकणार होता, आणि मग शंभर ठाण्यांना तेच लावणार होता. खरं माग, असं म्हणावं तर बाकीचे नव्व्याण्णव उद्या खरं मागतील का? दीडपट माग, असं म्हणावं तर खरं बोलणारा जो एक होता, तोही गेला.

“मॅडम? ऐकताय ना?” गुरव म्हणाला. “किती लिहू?”