शेवंतीची ओळ

घाटकोपरला असल्फ्याच्या टेकडीवर आमच्या चाळीत दर शनिवारी संध्याकाळी भजन असे. बुवा माझा चुलतभाऊ काशीराम, पखवाज माझ्याकडे. मिल बंद पडल्यावर तो साकीनाक्याच्या एका वर्कशॉपात लागला, पण शनिवार त्याने चुकवला नाही.

आम्ही कोकणातले लोक अभंगाला सिनेमाची चाल लावतो, त्यात नवल नाही. काशीरामची एक चाल मात्र जुन्या सिनेमातल्या प्रेमाच्या गाण्याची होती. लग्न झालं तेव्हा एका खोलीत आईबाप, भाऊ, सगळेच. बायकोला असलं गाणं ऐकवणार कुठे? म्हणून त्याने ते विठ्ठलाच्या नावावर सगळ्यांदेखत म्हटलं. नायिकेचं उत्तर येतं तिथे तो थांबायचा, आणि त्याच खोलीत, स्वयंपाकाच्या पडद्याआड भाकऱ्या थापत त्याची बायको शेवंती हळूच म्हणायची, 'चांदण्यातल्या वाटेवर रे, थांब, मी येते.' बाहेर म्हातारे डोलायचे. एकदा मी म्हटलं, "बुवा, आज विठोबा लाजला रे." तो कानापर्यंत लाल झाला.

चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात शेवंती काविळीने गेली.

सुतक फिटल्यावरच्या पहिल्या भजनात त्याने तीच चाल घेतली. सवयीने थांबला. पडद्याआडून ओळ आली. मला वाटलं, त्याची मुलगी विमला असेल. पण विमला माझ्या शेजारी झांजा धरून बसली होती.

मी उठून पडदा सारला. स्टोव्ह थंड, भांडी पालथी. भाजल्या भाकरीचा वास तेवढा होता. टाळकऱ्यांपैकी कोणी कोणाकडे पाहिलं नाही.

पुढच्या शनिवारी ओळ आली, पण 'चांदण्यातल्या' हा शब्द नव्हता. त्या जागी नुसतं गुणगुणणं. मग 'वाटेवर' गेला. काशीराम तिची ओळ आधी स्वतः म्हणून दाखवू लागला, पोराला पाढे शिकवावे तशी. त्याचं जेवणावरचं मन उडालं. आठवडाभर तो कुणाशी धड बोलत नसे.

विमलाने एकदा त्याला सांगितलं, "बाबा, ती चाल सोडा. तिला आठवत नाही आता. कशाला छळता?"

"ती उत्तर देते तोवर माझी आहे गं," तो म्हणाला.

दिवाळीच्या तोंडावरचा शनिवार. तो गायला, आणि थांबला.

काही आलं नाही.

मी पखवाजावर तळवा दाबून धरला. गुणगुणणंसुद्धा नव्हतं.

मग पडद्याआडून, आमच्या मालवणीत, विचारणा झाली.

"कोण गाता?"

काशीरामने पेटीवरचे हात काढले. पडद्याकडे वळून बसला. हलक्या आवाजात त्याने आपलं नाव सांगितलं, मग बापाचं, मग आडनाव.



मग पहिल्यांदाच भेटलेल्या माणसाला विचारतात तसं, अदबीनं आलं,

"तुमचो गाव खंयचो?"