दुसरे उष्टावण

पेशीविज्ञान संस्थेच्या प्रयोगशाळेत, काचेच्या भिंतीपलीकडे, चार वर्षांची शाल्मली बाहुलीला लुटुपुटीचा भात भरवीत होती. प्रत्येक घासापूर्वी ती गंभीरपणे विचारी, "यात दाणे आहेत का?"

गेल्या एकादशीस शेजारच्या आजींनी 'उपवासाचे कोणाला बाधत नाही' अशा श्रद्धेने तिला खिचडी भरवली होती. त्यातील दाण्याच्या कुटाने तिचा श्वास कोंडला. आईने तत्क्षणी मांडीत औषधाची सुई टोचली, म्हणूनच ती वाचली.

"अच्युतराव, नीट ऐका," डॉ. वैजयंती शाल्मलीच्या मामाला म्हणाल्या. तो त्याच संस्थेत अन्नरसायनाचा अभ्यासक होता. "अन्न देहाला मुळात परकेच. परिचयपेशी त्याची ओळख करून देतात, तेव्हा रक्षकपेशी शस्त्र खाली ठेवतात. शेंगदाण्याची ओळख देणाऱ्या पेशी हिच्या देहात नाहीत. तुमच्या पेशी तिला जुळतात; परंतु काचपात्रात वाढवल्या की त्या सारे विसरतात. म्हणून आहेत तेवढ्या सगळ्याच काढून द्याव्या लागतील."

"म्हणजे माझ्यापाशी ती ओळख उरणार नाही."

"नाही. मग दाणा तुम्हालाच विष. आणि तुम्ही तर सोलापूरचे! शेंगाचटणीवाचून भाकरी उतरेल घशाखाली?"

अच्युत हसला. "बाई, हिचं उष्टावण मी केलं. पहिला घास मामाचा. तो अर्धा राहिला होता, असं समजा."

पेशी दिल्या गेल्या. पुढे कित्येक महिने वैजयंतींच्या देखरेखीखाली कणाकणाने मात्रा वाढत गेली, आणि अखेरीस दाण्याच्या अख्ख्या लाडवाचा दिवस उजाडला. सुई हाताशी सज्ज होती. आज घास आईने भरवला. मामा दूर दाराशी उभा होता.

शाल्मलीने लाडू संपवला. वैजयंतींनी घड्याळाकडे पाहत बराच वेळ जाऊ दिला. तिचा श्वास संथ, निर्मळ चालला होता.

"अजून एक?" तिने विचारले, आणि आईला रडू आवरेना.

अच्युतने बाहू पसरले. शाल्मली धावत निघाली. पण मध्येच थबकली. मामाच्या गळ्यात तिच्यासारखेच पदक होते, 'शेंगदाणा वर्ज्य' असे कोरलेले. ते काय सांगते, हे तिला कोणी समजावण्याची आवश्यकता नव्हती. तिने दोन्ही हात पाठीमागे लपवले.

"मामा, तिथेच थांब हं. माझ्या हाताला दाणे लागलेत. साबणानं हात-तोंड धुऊन येते, मग पापा देते."

आणि जाता जाता मागे वळून तिने बजावले, "आई, मामाला काही देऊ नकोस. आधी विचारायचं असतं."