मालिकेत नसलेला माणूस

बाबांच्या दंडात जाड सुई शिरत होती आणि बाबा हसत होते. डायलिसिस सुरू होऊन त्यांना तीनच आठवडे झाले होते, आणि या तीन आठवड्यांत सुई नुसती दिसली तरी त्यांची पाचावर धारण बसायची. त्या मंगळवारी मात्र त्यांचं सुईकडे लक्षच नव्हतं. त्यांची धाकटी मुलगी खुर्चीशेजारी वाकून आदल्या संध्याकाळचा गुप्तहेरांच्या मालिकेचा भाग सांगत होती. टीव्हीसमोर बसलं की दहाव्या मिनिटाला बाबांचा डोळा लागायचा, त्यामुळे फितूर कोण हे दर आठवड्याला त्यांच्याकडून हुकायचं.

"...मग रेनकोटराव तिजोरी फोडतात. सात कुलपं, चार पहारेकरी, एक कुत्रा. आणि तिजोरीत काय... तर दुसरा रेनकोट."

सुई लावणाऱ्या टेक्निशियनचा हात जागच्या जागी थांबला. मास्कमुळे त्याचं तोंड दिसत नव्हतं, पण खांदे हलत होते.

"जरा थांबा," तो म्हणाला. "दुसरी सुई बसू द्या, मग उघडा तिजोरी."

दुसरी सुई बसली. त्याने पट्टी चिकटवली, यंत्राकडे पाहिलं, मग बाबांकडे पाहिलं आणि शेवटी तिच्याकडे. "नाही, चुकलं माझं. आज हे हलले नाहीत. पुढच्या मंगळवारपासून मी सुई हातात घेतली की लगेच सुरू करत जा."

ओळख झाली ती अशी. कुणाच्या प्रेमाची सुरुवात बागेत होते, कुणाची लग्नाच्या मांडवात. हिची झाली ती चार यंत्रांच्या घरघरीत, बाहेर आठवडाभर न थांबलेली रिपरिप आणि आत औषधांचा वास असताना.

वॉर्डात चार खुर्च्या होत्या आणि भिंतीवर एक टीव्ही, पण तो कायम मुका. यंत्राची धोक्याची घंटा ऐकू आली पाहिजे म्हणून आवाज बंद ठेवायचा नियमच होता. चार तास माणसं पडद्यावरची हलणारी तोंडं बघत पडून राहायची. येताना वजन, जाताना वजन, मधल्या वेळात पाणी मोजून. बाबा वजनमापे खात्यात निरीक्षक होते. उभी हयात दुकानांतल्या काट्यांना सील ठोकण्यात गेलेली. वॉर्डातला काटा शंभर ग्रॅम जास्त दाखवतो यावरून ते दर खेपेला वाद घालायचे, आणि टेक्निशियन दर खेपेला मान्य करून वहीत काट्याचाच आकडा लिहायचा.

ती स्वतः लिफ्ट दुरुस्तीच्या एका कंपनीत तक्रारी नोंदवून घ्यायची. दिवसभर लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांची बोलणी खायची आणि शांत आवाजात नाव, पत्ता, मजला विचारायची. आठवड्यातल्या बाकी खेपांना मोठी बहीण बाबांबरोबर यायची; मंगळवारी मात्र धाकटीची कामाची वेळ दुपारची असे. त्यामुळे सोमवारी भाग संपला की ती रेघांच्या कागदावर तीन पानं खरडायची आणि सकाळी वॉर्डात वाचायची. आधी बाबांसाठी, मग शेजारच्या खुर्चीसाठी, मग चारही खुर्च्यांसाठी. उन्हाळ्यातही रेनकोट न काढणारे रेनकोटराव, जगबुडी झाली तरी न उठणारे खुर्चीसाहेब, भर हॉटेलात ओरडून देशाची गुपितं सांगणारे हेर... समोरच्या खुर्चीतल्या निवृत्त मुख्याध्यापिकांनी तिला 'सारांशबाई' हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं.

"तुम्ही बघता का ही मालिका?" तिने एकदा टेक्निशियनला विचारलं.

"कुठून बघणार. सोमवारी संध्याकाळी पाळी असते माझी," तो म्हणाला.

इथेच घोटाळा झाला. तो बघत नाही, बाबा झोपतात, बाकी तिघांच्या घरी त्या वेळेला बातम्यांशिवाय काही लावत नाहीत. म्हणजे मालिकेत काय आहे आणि काय नाही, हे जगात एकट्या तिलाच ठाऊक. असा मोकळा हात मिळाल्यावर माणूस काय काय करून बसतो ते सांगायला नको. सातव्या भागात तिने मालिकेत नसलेला एक माणूस घातला.

हेरखात्याच्या तळघरात तो यंत्रं दुरुस्त करायचा. पायात पांढरे बूट. बोलायचा कमी. रेनकोटरावांनी बिघडवलेलं सगळं हा खाली बसून गुपचूप नीट करायचा. पट्ट्यांचे तुकडे आधीच कापून यंत्राच्या कडेला ओळीने चिकटवून ठेवायचा, आणि घंटा वाजली की आधी माणसाच्या तोंडाकडे पाहायचा, मग यंत्राकडे. हे वाचताना तिच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. तिने कागदातून डोकं वर काढलं नाही.

"या पांढऱ्या बुटांचं लग्न झालंय का?" मुख्याध्यापिकांनी विचारलं.

"अजून... मालिकेत सांगितलेलं नाही."

"सांगतील," टेक्निशियन नळीतला बुडबुडा बोटाने टिचकी मारून घालवत म्हणाला. "अजून बरेच भाग आहेत."

त्याच्या पायातल्या पांढऱ्या बुटांकडे तिने पाहिलं नाही. आणि त्यानेही.

पुढच्या मंगळवारी बाबांना काट्यावर उभं करताना त्याने सहज विचारावं तसं विचारलं, त्या बुटवाल्याचं पुढे काय झालं.

"लिफ्टमध्ये अडकलाय."

"कुणाबरोबर?"

"एकटाच."

"अरेरे. लेखकाला दयामाया नाही."

"दया आहे हो," ती म्हणाली. "भीती वाटते लेखकाला."

त्याने वहीत आकडा लिहिला, मग तो खोडला आणि पुन्हा लिहिला. बाबा काट्यावरून उतरत म्हणाले, शंभर ग्रॅम जास्तच आहे.

असे चार महिने गेले. ती सुखात होती असं म्हणायला जीभ रेटत नाही, कारण त्या चार महिन्यांत बाबांच्या अंगावरचं मांस उतरत गेलं. पण मंगळवार उजाडला की ती केस दोनदा विंचरायची हे खरं, आणि त्याबद्दल तिला स्वतःचीच चीड यायची हेही खरं. बाप यंत्राला जोडलेला असताना आपण कुणाच्या बोटांकडे बघतो आहोत... हा विचार ती बसमध्ये करायची आणि वॉर्डाच्या दाराशी विसरायची.

मग बाबांचं ब्लडप्रेशर यंत्र लावल्याबरोबर कोसळायला लागलं. दोनदा त्यांना अर्ध्यातून काढावं लागलं. डॉक्टरांनी तिला आणि तिच्या मोठ्या बहिणीला बाजूला घेऊन हृदय आता दमलंय असं सांगितलं. एका रविवारी सकाळी चहा पिता पिता, तोही मोजून दिलेला अर्धा कप, बाबा गेले. मालिकेचे दोन भाग उरले होते.

चौथ्या दिवशी ती कामावर गेली. ऑफिसला बहिणीने परस्पर कळवलं होतं, त्यामुळे कुणी काही विचारलं नाही. ती लिफ्टच्या तक्रारी लिहीत राहिली. डोळ्यांतून टिपूस आलं नाही. सोमवारी तिने टीव्ही लावला नाही, त्याच्या पुढच्या सोमवारीही नाही. बाबा गेले ते गेलेच, पण त्यांच्यामागोमाग वॉर्डही गेला होता, आणि हे कुणाला सांगायची सोय नव्हती. जिथे आपला पेशंटच नाही तिथे कुठल्या तोंडाने जायचं? आणि जाऊन म्हणायचं तरी काय? त्या माणसाशी तिचं नातं चार महिन्यांचं, आणि तेही सगळं बाबांच्या दंडावरून चाललेलं.

तिसऱ्या आठवड्यात हॉस्पिटलमधून नर्सचा फोन आला. बाबांचं पांघरूण कपाटात राहिलं आहे, मंगळवारी सकाळी येऊन घेऊन जा.

ती गेली. पांघरूण घ्यायचं आणि काढता पाय घ्यायचा, असं जिन्यात तीनदा ठरवून गेली. बाबांच्या खुर्चीत एक अनोळखी गृहस्थ तोंड उघडं टाकून झोपले होते. तिला पाहून मुख्याध्यापिकांनी सुई नसलेला हात पुढे केला आणि तिचा हात बराच वेळ धरून ठेवला. मग म्हणाल्या, "सारांशबाई, शेवट काय झाला ग?"

"मी पाहिला नाही, बाई."

कोपऱ्यातल्या टेबलापाशी टेक्निशियन पाठमोरा उभा होता. तो वळला. खिशातून त्याने घडी घातलेला कागद काढला. तो डायलिसिसचा छापील तक्ता होता, रोज पेशंटमागे एक भरायचा असतो तसला.

"मी लिहिलाय," तो म्हणाला. "मला तुमच्यासारखं जमत नाही."

आणि त्याने घसा खाकरून वाचायला सुरुवात केली. आठ वाजून दोन मिनिटं, रेनकोट घातलेला इसम दाखल, नाडी जलद. आठ नऊ, गोळीबार, रक्तस्राव नाही. आठ वीस, खुर्चीसाहेबच फितूर असल्याचं उघड, रुग्ण खुर्चीतून उठले, चार महिन्यांत प्रथमच. आठ एकवीस, पुन्हा बसले. आठ चाळीस, रेनकोट काढला, आत दुसरा रेनकोट. प्रकृती स्थिर, घरी सोडण्यात आले.

मुख्याध्यापिका इतक्या हसल्या की त्यांचं यंत्र वाजायला लागलं. तीही हसली, आणि आपण हसतोय हे कळल्यावर तिला भलतंच वाटलं. त्याने यंत्र शांत केलं. कागदावर खाली अजून एक ओळ होती, ती मात्र त्याने वाचली नाही. पांघरूण घेऊन ती बाहेर पडली तेव्हा तो मागोमाग आला आणि तक्ता तिच्या हातात दिला.

'पांढरे बूट घातलेला इसम: गैरहजर. मागील सर्व भागांत गैरहजर. लेखिकेने त्याला का आणले, हे विचारायचे राहिले.'

तिने ओळ वाचली. पुन्हा वाचली. बाकावर बसली.

"तुम्ही बघत होतात?"

"पहिल्या भागापासून. सोमवारी साडेतीनलाच सुटतो मी. पण बघतो म्हटलं असतं तर तुम्ही जपून सांगितलं असतं."

म्हणजे सातव्या भागापासून त्याला सगळं माहीत होतं. तेव्हापासून दर मंगळवारी ती याच माणसासमोर याच माणसाचे गोडवे गात होती आणि तो पट्ट्या कापत उभा होता. तिला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं.

"बाबांना कळलं नाही, एवढं तरी बरं," ती कशीबशी म्हणाली. "ते झोपायचे."

तो भिंतीला टेकला, मास्क खाली ओढला. पूर्ण चेहरा तिने त्याचा आजच पाहिला. हनुवटीवर एक जुना व्रण होता.

"ते झोपत नव्हते," तो म्हणाला. "डोळे मिटून पडायचे. मला म्हणाले, मालिका भिकार आहे, पण पोरगी सांगते छान, आणि मी जागा दिसलो तर ती कशाला सांगेल. आठव्या आठवड्यात तुम्ही पाणी प्यायला गेला होतात. त्यांनी माझ्या पायांकडे बोट दाखवलं आणि विचारलं, हे बूट कितीला घेतले?"

तिने आज पहिल्यांदा त्या बुटांकडे सरळ पाहिलं.

"मग म्हणाले, तिला इतक्यात काही विचारू नका. लाजली तर लिहायचं बंद करेल, आणि आम्हा चौघांचा मंगळवार जाईल. मी आहे तोवर थांबा. मी हो म्हटलं." त्याचा आवाज जरा खाली आला. "नंतर लक्षात आलं मी कशाला हो म्हटलं ते. मला तुम्हाला विचारायचं होतं... आणि ते विचारता येईल तो दिवस कुठला, हे मला दर मंगळवारी त्यांचं प्रेशर घेताना माहीत असायचं. तो दिवस लांबावा म्हणून माझ्याने होईल ते सगळं केलं मी. बाकी माझ्याबद्दल काहीही समजा, पण एवढं खरं माना."

आतून यंत्राची घंटा वाजली. "जा," ती म्हणाली. तो गेला.

बाक, पांघरूण, खिडकीवर रिपरिप. जिना दहा पावलांवर होता. निघून गेली असती तर कुणी अडवलं नसतं, आणि तो काही फोन करणाऱ्यांतला नव्हता, हे तिला पक्कं माहीत होतं. तिला बाबांचा राग आला. आपल्या प्रेमाची त्यांनी परस्पर तारीख लावून टाकली होती, आणि तीही स्वतःच्या मरणाची. मग डोळे मिटून पडलेले बाबा आठवले, दर सोमवारी, कान टवकारून. तिचा राग कुठच्या कुठे गेला. जागी राहिली ती नुसती त्यांची आठवण.

दार उघडून तो परत आला. ती अजून तिथेच आहे हे पाहून दारातच उभा राहिला.

"विचारा," ती म्हणाली. "जे राहिलंय ते."

"का आणलंत त्याला?"

"कारण दुसरं कसं सांगायचं मला कळत नव्हतं. माझं प्रेम आहे तुमच्यावर." तिने पांघरूण मुठीत धरलं. "आणि आत्ता बाबा हवे होते हो... ते पाहिजे होते आत्ता."

तो शेजारी येऊन बसला. पांघरुणाचं एक टोक जमिनीला लागत होतं, ते त्याने उचलून तिच्या मांडीवर ठेवलं आणि हात तिथेच राहू दिला.

"मी साडेतीनला सुटतो," तो म्हणाला. त्याचेही डोळे भरले होते. "थांबाल?"

"थांबते."

आत पुन्हा घंटा झाली आणि त्याला जावं लागलं. तिने ऑफिसला फोन लावला आणि आज येत नाही म्हणून सांगितलं. पलीकडून कारण विचारलं गेलं. वडील गेलेत माझे, ती म्हणाली. हे वाक्य तीन आठवड्यांत तिने पहिल्यांदाच उच्चारलं होतं. मग ती तिथेच बाकावर बसून साडेतीनपर्यंत पोटभर रडली, आणि दर थोड्या वेळाने वॉर्डाचं दार किलकिलं व्हायचं, ती आहे ना तेवढं कुणीतरी बघायचं, आणि दार पुन्हा हलकेच लागायचं.