जेटमधला निळा कण

"तिला म्हणावं, हात लावायचा तर लाव… पण माझ्या डोळ्यांसमोर!"

अप्पा गरजले, तेही नेहमीसारखे धाकट्या लेकाकडे बघून. अक्का तिथेच, कामाच्या बाकाला टेकून उभी होती, पण आई गेल्यापासून अप्पांनी तिच्याशी थेट बोलणं टाकलं होतं. "तिला सांग, चहा गार झाला." "तिला विचार, दिवा का चालू ठेवला?" एका छपराखाली राहून, तिच्याच हातचं खाऊन बाप लेकीशी निरोपांनी बोलत होता, आणि ही वेडी ते सगळं हूं की चूं न करता सोसत होती!

आज ती जुनी काळी मोटार विकायची होती. घेणारा म्हणाला होता, गाडी चालू करून दाखवा. अप्पांचे हात आता कापत. धाकट्यानं आई गेल्यापासून पान्याला हात लावला नव्हता. राहता राहिली अक्का, दुसऱ्याच्या गॅरेजमध्ये राबून हात पक्का झालेली. तिनं कार्ब्युरेटर उतरवून बाकावर ठेवला… याच्याच पायी आई गेली होती!

आईच्या छातीत कळ आली, अप्पांनी तिला मागच्या सीटवर निजवलं, आणि हॉस्पिटल समोर दिसत असताना, पुलावर, मोटार आचके देत बंद पडली ती पडलीच. आदल्या दिवशीच कार्ब्युरेटर खोलून जोडला होता. "कोणी जोडला हा?" अप्पांनी विचारलं तेव्हा धाकटा पांढराफटक पडला होता. मोठ्या हौसेनं, पहिल्यांदाच, कोणाला न विचारता त्यानं तो एकट्यानं जोडला होता. अक्कानं त्याच्या तोंडाकडे पाहिलं मात्र, आणि म्हणाली, "मी."

बस्स, तेवढंच. पण त्या एवढ्याशा शब्दानं तिचं सगळं आयुष्य गिळलं.

स्टुलावर बसलेल्या अप्पांची नजर पाठीवर झेलत तिनं झाकण उघडलं. आतलं पेट्रोल केव्हाच सुकून पिवळं चिकट झालं होतं. धाकट्याची चूक आता दिसेल, मग दिसेल, म्हणून ती एकेक भाग काढत गेली… आणि चकित होत गेली. फ्लोट बरोबर. सुई बरोबर. गॅस्केट कसं नीट बसवलेलं! अगं बाई, पोरानं काहीच चुकवलं नव्हतं! मग इतकी वर्षं आपण पदराखाली झाकलं ते काय?

तिनं जेट काढला, इंजिनाला पेट्रोल पुरवणारा बारीक भोकाचा पितळी तुकडा, आणि उजेडासमोर धरला. आरपार काहीच दिसेना. तिनं ब्रशचा एक केस हळूच आत सारला, तर तळहातावर एक निळा कण पडला.

थेंबभर पाण्यात तिनं तो बोटानं चोळला. फेस आला!

साबण… आईचा कपड्यांचा निळा साबण! पेट्रोलची नळी जोडावर ठिबकायला लागली की पेचाच्या आट्यांवर साबण घासून आवळायचं, ही या घरात एकाच माणसाची खोड होती. "पेट्रोलमध्ये विरघळत नाही तो, तुम्हा पोरांना काय कळतंय?" असं तोच माणूस ऐटीत म्हणायचा, आणि पोरांना त्या वडीला शिवू द्यायचा नाही. तिनं नळीचे आटे पाहिले. तिथंही निळं! धाकट्यानं जोडल्यावर अप्पांनी जोड पुन्हा आवळला होता, सवयीनं, आणि ते विसरूनही गेले होते.

तिची मूठ आपोआप मिटली.

"काय निघालं गं?" धाकट्यानं विचारलं.

"काही नाही. कचरा."

बोलली असती तर सुटली असती! पण समोर ते थकलेले, वाळलेले अप्पा… त्यांना कोणत्या तोंडानं सांगायचं की आईला तुम्हीच…? नको, देवा, नको! जिथं इतकं सोसलं तिथं आणखी थोडं.

पण धाकट्याचा बांध फुटला. "पुरे गं अक्का! किती मरशील माझ्यासाठी? अप्पा… तो कार्ब्युरेटर अक्कानं नाही, मी जोडला होता!"

स्टूल धाडकन आडवं झालं. अप्पांचा हात उगारला गेला आणि अक्का मध्ये घुसली.

"त्याला मारू नका! त्याचं काही चुकलेलं नाही, सगळं बरोबर जोडलंय त्यानं!"

"मग?"

अक्काला कळलं, आपण बोलून बसलो.

"मूठ उघड," अप्पा म्हणाले. धाकट्याला नाही… तिला!

तिनं मान हलवली. त्यांनी तिचं एकेक बोट सोडवलं आणि तळहातावरचा निळा फेस पाहिला. त्यांनी तो बोटावर घेऊन हुंगला, आणि त्यांचा चेहरा असा काही पडला की धाकट्यानं धावत जाऊन त्यांना धरलं.

"मी?… मीच?"

"आईला पेट्रोलचा वास सोसायचा नाही, अप्पा," अक्का रडत म्हणाली. "ठिबकू नये म्हणूनच लावलात ना? तिच्यासाठीच ना?"

"आणि तू 'मी' म्हणालीस… का, पोरी?"

"तुम्हाला कोणावर तरी रागवायचंच होतं. हा तर केवढासा होता…"

अप्पा मटकन खाली बसले. "आता माझ्यावर रागव. अगं, बोल काहीतरी! शिव्या दे मला!"

अक्का नाही म्हणणार होती, समजूत घालणार होती. तोंड उघडलं, आणि इतक्या वर्षांत कोणी ऐकला नव्हता असा आवाज बाहेर पडला.

"माझीही आई मेली होती, अप्पा! मला रडूसुद्धा दिलं नाहीत तुम्ही!"

आणि त्यांच्या छातीवर दोन्ही मुठी आपटत ती आईसाठी पहिल्यांदा रडली. अप्पांनी एकही वार अडवला नाही.